शनिवार तेली: सहा दिवसांचे काम आणि सातव्या दिवसाचा नियम

कोकणातल्या गावकऱ्यांनी आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते घरात कधी ना कधी ऐकलेले असते. कुणी ते अभिमानाने सांगतो, कुणी थोडे हसून. पण या नावात एक गंमत आहे. सुतार, कुंभार, कोळी ही नावे माणूस काय करतो ते सांगतात. आपल्या नावाचा दुसरा शब्द तसाच आहे. पहिला शब्द मात्र आपण कोणत्या दिवशी काम करत नाही ते सांगतो. कोकणात हिंदू तेलीही होते. त्यांच्यातले काही सोमवारी, महादेवाच्या वारी, घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘सोमवार तेली’ म्हणत. म्हणजे गावाला दोन तेल्यांमधला फरक सांगायचा असला की तेलाचा दर्जा किंवा भाव सांगावा लागत नसे. सुटीचा वार सांगितला की पुरे.

बेने इस्राएल माणूस कामाला वाघ असतो, असे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. नोकरीत प्रामाणिक, हाताने कसबी, वेळेचा पक्का. हे कौतुक खरे आहे, पण अर्धेच. ही सवय कशी घडली आणि तिची किंमत काय पडली, हे पाहायचे तर सुरुवात घाण्यापासून करावी लागते.

लाकडी घाणा म्हणजे जमिनीत पक्के रोवलेले मोठे उखळ आणि त्यात फिरणारी जाड लाट. लाटेला आडवी फळी जोडलेली, फळीवर वजन म्हणून दगड किंवा घरातले एखादे पोर बसलेले, आणि फळी ओढणारा बैल. बैलाला चक्कर येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापड. उखळात तीळ, खोबरे किंवा कारळे घालायचे, मधूनमधून पाण्याचा हबका द्यायचा, बैल फिरत राहायचा, आणि हळूहळू तेल सुटायचे. दिव्यासाठी उंडीचे आणि करंजाचे तेल काढत. मागे उरलेली पेंड गुरांच्या तोंडी जाई. हे काम उरकता येत नाही. बैलाला पळवले तर तो थकतो, आणि बी कोरडे राहिले तर तेल सुटत नाही. एका घाणीला जितका वेळ लागतो तितका लागतोच.

हे कुटुंबाचे काम होते. बी निवडणे, वाळवणे आणि पाखडणे बायकांकडे, बैलामागे फिरणे मुलांकडे. बुधल्यांत तेल भरून दारोदार मापाने विकणे घरातल्या मोठ्यांकडे. गावात तेल विकणाऱ्याला माप मारून चालत नाही, कारण गिऱ्हाईक तेच, उंबरठा तोच, आणि उद्या पुन्हा त्याच दारात जायचे असते. प्रामाणिकपणाचा गुण उपदेशाने आला असेल तसा तो या रोजच्या उंबरठ्यांमुळेही आला, असे आम्हाला वाटते. अनेक घरांत घाण्याच्या जोडीला थोडी भातशेती होती. पावसाळ्यात तीच माणसे चिखलणीला उतरत.

आता सातव्या दिवसाचा हिशेब करून पाहा. घाण्यावर पोट असलेल्या घराने आठवड्यातला एक दिवस बंद ठेवायचा, म्हणजे सातवा हिस्सा सोडून द्यायचा. शिवाय महाराष्ट्रात शनिवार हा मारुतीला आणि शनीला तेल वाहण्याचा वार. ज्या दिवशी गावाला तेलाची आठवण हमखास व्हायची, नेमका त्याच दिवशी आपला घाणा थांबलेला. ज्याला तेल हवे त्याने शुक्रवारी न्यावे. गाव हे समजून घेत असे, आणि म्हणूनच ते नाव पडले. आणि हे सगळे अशा काळात, जेव्हा आपल्याकडे तोराहची गुंडाळी नव्हती, रब्बी नव्हता, हिब्रू वाचणारा कुणी नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी आपली परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले असे आपण म्हणतो. उरले ते शेमा, सुंता, खवले व पर असलेल्याच माशांचा नियम, काही रोजे आणि शब्बाथ. शब्बाथ टिकला याचे एक कारण असे की तो पाळायला पुस्तक लागत नाही. बैल सोडता आला पाहिजे, एवढेच.

बैलाचे नाव आम्ही उगाच घेत नाही. दहा आज्ञांतली शब्बाथची आज्ञा नीट वाचली तर तिचे दोन भाग दिसतात. सहा दिवस काम करावे, हा पहिला भाग; सातव्या दिवशी ते थांबवावे, हा दुसरा. आपण दुसरा भाग लक्षात ठेवतो आणि पहिला विसरतो, पण आपल्या जुन्या गुरूंनी पहिल्यालाही आज्ञाच मानले आहे. आणि सातव्या दिवशी कुणी थांबायचे याची यादी त्या आज्ञेतच आहे. घरधनी, मुलगा, मुलगी, चाकर, परका पाहुणा आणि जनावर. दुसऱ्या वेळी ही आज्ञा येते तेव्हा बैलाचा उल्लेख नावानिशी आहे. ‘घाण्याचा बैल’ हा मराठीतला वाक्प्रचार न थांबता राबणाऱ्या जिवासाठी आहे. शनिवार तेल्याच्या घरी घाण्याच्या बैलालासुद्धा आठवड्याची सुटी होती.

या नियमाचा परिणाम उरलेल्या सहा दिवसांवर होतो. सूर्य मावळण्याच्या आत शेवटची घाणी उतरलीच पाहिजे, हे ज्याला ठाऊक आहे तो गुरुवारीच बी मोजून ठेवतो. शनिवारी चूल पेटणार नाही, म्हणून शुक्रवारी दोन दिवसांचा स्वयंपाक होतो, पाणी भरून ठेवले जाते, दिवा लागतो. वेळेचा अंदाज, आधी तयारी, हातातले काम वेळेत पुरे करणे. ज्याला आज शिस्त म्हणतात ती या घरांत शुक्रवारच्या दुपारने शिकवली. आणि तिचा मोठा भार घरातल्या बाईवर होता, हेही विसरू नये. घाणा सूर्यास्ताला थांबे, पण तिची धावपळ त्याआधीचे दोन दिवस चाले.

या धंद्याला मान मात्र नव्हता. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण सांगणाऱ्याला तेल्याची पायरी ठाऊक होती. सकाळी तेली समोर आला तर अपशकुन, असा समजही होता. ज्याच्या तेलावर गावाचे दिवे लागत त्यालाच असे बोल. आपल्या आडनावांत पेणकर, रोहेकर, किहिमकर, झिराडकर, दिवेकर, राजपूरकर अशी गावे आहेत, धंदा नाही. आडनावे गावांवरून घेणे ही कोकणची रीतच आहे, त्यामुळे त्यात फार अर्थ शोधू नये. पण मुंबईला गेल्यावर घाण्याची गोष्ट पुष्कळ घरांत मुलांपुढे निघेनाशी झाली, हे आपण सगळे जाणतो.

अठराव्या शतकात आपली माणसे कोकणातून मुंबईला येऊ लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत त्यांना जागा मिळाली. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, हे याच फौजेतले देशी अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडून ते सुटले. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. शाआर हारहमीम, आपल्या तोंडी ‘जुनी मशीद’. पुढच्या शतकात मुंबईच्या पलटणींत बेने इस्राएल सुभेदार आणि सुभेदार मेजर झाले. देशी सैनिकाला मिळणारा तो सर्वांत वरचा हुद्दा होता. मग सैन्यात जातवार तुकड्या करण्याचे धोरण आले. ज्या समाजाची स्वतःची तुकडी भरेल एवढी माणसे नाहीत त्याला त्या रचनेत जागा उरली नाही. आपला समाज लहान. लष्कराची वाट अरुंद झाली ती अंगात कसूर होती म्हणून नव्हे, तर संख्या कमी होती म्हणून.

लष्कराबाहेर सुतारकाम, गवंडीकाम, गोदीतले आणि रेल्वेच्या कारखान्यातले काम, बांधकामाची मिस्त्रीगिरी ही आपली कामे झाली. घाण्याच्या लाकडाशी खेळलेल्या हातांना रंधा परका नव्हता. मुलाला धंदा शिकवणे हे बापाचे कर्तव्य आहे, असे तालमूद सांगते. आपल्या आजोबा-पणजोबांनी तालमूद वाचला नव्हता, पण मुलाच्या हाती हत्यार दिले होते.

त्याच सुमारास शाळा आल्या. अमेरिकन मिशनऱ्यांनी आणि त्यांच्यानंतर जॉन विल्सन यांनी काढलेल्या शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने बसली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आपल्या लोकांनी त्यांच्याकडून मराठी, इंग्रजी आणि हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, त्यामुळे म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो ते प्रथमच कळू लागले. हाइम सॅम्युएल किहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजाची स्वतःची शाळा सुरू केली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून आपल्या अनेक घरांची शाळा झाली. किहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर. ज्याचे फळ आपल्या डोळ्यांना दिसणार नाही तेही काम नीट करायचे, याचे हे उदाहरण आपल्या घरचेच आहे.

शिकलेली पिढी सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पोस्ट, कस्टम, इस्पितळे आणि शाळा यांत गेली. हाताची जागा लेखणीने घेतली. आणि इथेच ती किंमत पडली जिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. कचेरीला शनिवारची सुटी नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० मध्ये ती मिळाली. ती रविवारची. शहराचा विसाव्याचा वार रविवार ठरला. घाणा ज्याचा स्वतःचा होता तो शनिवारी तो बंद ठेवू शकत होता. साहेबाच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला ती मोकळीक नव्हती. पुष्कळांनी शनिवारी सकाळी डबा घेऊन लोकल पकडली. शुक्रवारी रात्री घरात दिवा लागे, काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश होई, आणि सकाळी घरधनी कामावर. ज्यांचे नावच शनिवारवरून पडले होते, त्यांच्या नातवंडांचा शनिवार पगाराकडे गेला.

यात त्यांचा दोष काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्या पगारातून मुले शिकली, बहिणींची लग्ने झाली, गावाकडच्या म्हाताऱ्यांना पैसे गेले. पण आपल्या कष्टाळूपणाचा इतिहास लिहिताना हे गाळले तर तो खोटा होईल. पुढे जाण्यासाठी आपण काहीतरी दिले, आणि जे दिले ते किरकोळ नव्हते.

त्याच घरांतून निघालेल्या दोन बायका इथे आठवतात. रेबेका रूबेन यांनी १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे अनेक वर्षे आपल्या समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून काम केले. डॉ. जेरुशा झिराड लंडनला जाऊन १९१९ मध्ये स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातल्या एम.डी. झाल्या. १९२८ ते १९४७ या काळात त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. बाळंतपणात बायका का मरतात, याची मुंबईत त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मृत्यू मोजायचे, त्यांची कारणे लावायची आणि टाळता येण्याजोगे कोणते ते वेगळे काढायचे, हे काम घाण्यासारखेच आहे. घाईने होत नाही, आणि त्यात माप मारता येत नाही.

१९४८ नंतर आपण इस्रायलला निघालो, आणि चक्र उलटे फिरले. मुंबईत कारकुनी केलेल्यांना तिथे पुन्हा हाताचे काम मिळाले. माआबारा म्हणजे तात्पुरत्या छावण्यांतून लोक बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी गेले. नेगेवच्या वाळूत १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या दिमोनात कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि तिथे मराठी बोलणारे कामगार लागले. लोदच्या विमान कारखान्यात आपले कारागीर गेले. मुकादमांना आपली माणसे आवडत. शांत, वेळेवर येणारी, तक्रार न करणारी. ‘होदीम’, म्हणजे हिंदुस्थानी, कष्टाळू असतात, हे कौतुक तिथेही सुरू झाले.

पण कौतुक आणि हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लवकरच कळले. १९५१-५२ मध्ये आपल्यातल्या काही कुटुंबांनी भेदभावाची तक्रार करत तेल अवीवला धरणे धरले आणि ती भारतात परतली. त्यांतले बरेचजण पुढे पुन्हा इस्रायलला आले. मग १९६२ मध्ये मुख्य रब्बी कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली की बेने इस्राएल वधू-वरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या यहुदीपणाबद्दलच शंका काढली गेली. ज्या लोकांनी ग्रंथाशिवाय, फक्त घाणा थांबवून शब्बाथ जपला, त्यांच्या नातवंडांना लग्नासाठी पुरावा मागितला गेला.

तेव्हा ही शांत, तक्रार न करणारी माणसे उठली. १९६४ च्या उन्हाळ्यात ती जेरुसलेमला जाऊन बसली. दिमोनातून, बीरशेबातून, लोदमधून कामगार, आया, मुले आली. ऑगस्टमध्ये सुटीच्या काळात क्नेसेटची खास बैठक झाली. बेने इस्राएल सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत, असे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने आणि क्नेसेटने स्पष्ट केले, आणि महिना संपता संपता रब्बी कार्यालयाने त्या सूचनेतून आपले नाव काढले. आम्हाला या घटनेत आणि शनिवारच्या घाण्यात एक नाते दिसते. केव्हा थांबायचे हे ज्याला कळते त्याचे काम त्याचे स्वतःचे असते. ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडून दुसरा काम करून घेतो, आणि वर शाबासकी देतो.

आज आपली मुले तेल अवीव, लंडन, न्यू जर्सी, टोरांटो, सिडनी इथे वाढत आहेत. इस्रायलमध्ये शनिवार सगळ्यांचाच बंद, त्यामुळे ‘शनिवार तेली’ हे नाव तिथे कुणाला वेगळे ओळखवत नाही. बाकी देशांत शनिवार-रविवार दोन्ही सुटी, पण कचेरी फोनमधून घरात येते आणि शुक्रवारच्या जेवणाच्या ताटाशेजारी पडून असते. आपण मुलांना सांगतो, कष्ट करा, आजोबांनी केले तसे करा. आजोबांचे कष्ट सांगताना त्यांचा सातवा दिवस मात्र सांगायचा राहून जातो. मग मुलांना वाटते, जो जास्त वेळ राबतो तोच चांगला. शनिवार तेल्याने असे कधीच मानले नसते. सहा दिवस चोख काम, माप पुरे, वेळ पाळलेली, आणि सातव्या दिवशी घरातल्या बैलासकट सगळे मोकळे, असा त्याचा हिशेब होता. हे दोन्ही मिळून एकच शिकवण आहे.

म्हणून आमची एक विनंती आहे. ज्यांच्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसून तीन गोष्टी विचाराव्यात आणि वहीत उतरवून ठेवाव्यात. घराचा कोकणातला धंदा कोणता होता. मुंबईत पहिली नोकरी कुणी आणि कुठे धरली. आणि शनिवारी कामावर जायला लागल्यावर घरात कोण काय म्हणाले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पटकन मिळतील. तिसऱ्याला थोडा वेळ लागेल, तेव्हा घाई करू नका. घाणा, लाट, पेंड, बुधला हे शब्दही त्याच वहीत लिहून घ्या. ज्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवा. हे सगळे शुक्रवारी दिवा लागल्यानंतर करायचे असेल तर नुसते बोला आणि ऐका. वही रविवारी उघडली तरी चालेल.

शब्बाथ शालोम.